ठणठणीत

सोमवार, दि. ९ मार्च

चि. ………… यांस,
अनेक आशीर्वाद.

वरची जागा विसरून कोरी राहिलेली नाही. पूर्वी मी तिथे 'जावईबापू' असे लिहीत असे. आता काय लिहावे, हे पाहण्यासाठी शब्दकोश घेऊन बसले. सबंध सकाळ खर्ची घालून इतकेच निष्पन्न झाले की माजी आमदार असतो, माजी सैनिक असतो, माजी विद्यार्थी तर मला भाजी घेतानासुद्धा भेटतात. परंतु 'माजी जावई' अशी वस्तू आपल्या भाषेत नाही. नाते मोडण्याची सोय कायद्याने केली आहे, भाषेने अद्याप केलेली नाही. योग्य शब्द सापडेपर्यंत ती जागा मोकळीच राहू द्या.

इकडे सर्व क्षेम. घराला आतून रंग दिला. मांजर म्हातारी झाली असून हल्ली उंदीर दिसला की तीच जागा बदलते. लेक दर रविवारी येते, फ्रीजमधले डबे उघडून वास घेते, अर्धे फेकते आणि मला रागावून परत जाते. तिची प्रकृती उत्तम. तुमचीही असावी.

आता एक कोडे घालते. एखादे जुने लाकडी कुंपण दुरुस्त होताना तुम्ही पाहिले असेल. उपटलेला खांब आडवा पडलेला असतो. त्याचे जमिनीत खोल गाडलेले टोक पाहावे, तर बरेचसे शाबूत. उन्हावाऱ्यात उभे राहिलेले वरचे टोक पाहावे, तर तेही शाबूत. आणि या दोहोंच्या मध्ये, माती संपून हवा सुरू होते तिथे, वीतभर जागेत खांब असा खंगलेला असतो की पायाने दाबला तरी मोडावा. असे का व्हावे? जी जागा धड आत नाही आणि धड बाहेर नाही, तिच्यावरच हा राग का?

थोडा विचार करा. (वर्गात मी इथे खडू खाली ठेवीत असे.)

लाकूड आपण होऊन कुजत नाही. ते कुणाचे तरी जेवण होत असते. बुरशीला लाकूड खायचे तर सोबत पाणी हवे आणि हवाही हवी. खोल मातीत ओल आहे, पण हवा पोचत नाही. वर हवा भरपूर, पण वारा ओल टिकू देत नाही. मधल्या वीतभरात मात्र दोन्ही हाताशी असतात, म्हणून बुरशी तिथेच ताट मांडते. इतके साधे आहे, आणि तरीही दरवेळी सांगताना मला आनंद होतो!

यावरून होडीविषयीचा एक जुना गैरसमज दूर होतो. लोकांना वाटते, होडी पाण्यात असते म्हणजे ती खालून कुजणार. वस्तुतः खाऱ्या पाण्यात बुडालेल्या फळ्या वर्षानुवर्षे टिकतात. होडी कुजते ती वरून, पावसाच्या गोड्या पाण्याने. काठपट्टीच्या खाली, कोपऱ्यांत, डोलकाठीचा पाय ज्या खोबणीत बसतो त्या खोबणीत पाऊस झिरपतो आणि तिथे वारा पोचत नाही. आपली 'बदक' याच नियमाने चालते. (तिला तुम्हीच हे नाव दिलेत, ती पाण्यात डुलत चालते म्हणून. दोन माणसे आणि एक भांडण मावेल एवढीच ती आहे, असेही तुम्हीच म्हणाला होतात.)

या हंगामात मी तिला शेडमध्ये पालथी घातली आहे. तुम्ही डब्यात ठेवून गेलेली दात कोरण्याची जुनी हत्यारे अजून उत्तम काम देतात. फळ्यांच्या सांध्यांत भरलेले, आता वाळलेले लुकण मी त्यांनीच काढते. शीड उन्हात पसरून शिवणी तपासल्या, दोन ठिकाणी उसवल्या होत्या, त्या मेणाच्या दोऱ्याने पुन्हा घातल्या. सुकाणूच्या बिजागऱ्यांचा गंज खरवडून तेल दिले. राहिले आहे ते लाकूड वाजवून पाहण्याचे काम.

हत्याराच्या मुठीने फळीवर हळू ठोका द्यावा. चांगल्या लाकडातले तंतू एकमेकांना घट्ट धरून असतात, म्हणून ठोका एका जागी दिला तरी सबंध फळी मिळून वाजते: ठण. कुजलेल्या जागी तंतूंची पकड सुटलेली असते. ठोका तिथल्या तिथे जिरतो: भद. धडधाकट माणसाला आपण 'ठणठणीत' म्हणतो ते यावरूनच आले असावे, अशी माझी समजूत आहे. अर्थात खिसा रिकामा असलेल्यालाही आपण ठणठणगोपाळ म्हणतो. तेव्हा नुसत्या आवाजावर जाण्यात धोका आहे, हेही भाषेला ठाऊक दिसते.

दातांच्या डॉक्टरला हे सांगणे म्हणजे गुरूची विद्या गुरूला. तुम्ही आरशाच्या दांड्याने दिवसभर हेच करता.

म्हणून एक विनंती आहे. एकदा येऊन तुम्ही 'बदक' वाजवून पाहावी. एकाने केलेले निरीक्षण दुसऱ्याने स्वतंत्रपणे पडताळावे, हा प्रयोगाचा नियमच आहे. यात दुसरे काही नाही. टोच्याने टोचून पाहता येईल, असे तुम्ही म्हणाल. पण टोच्याची खोली ती किती? वॉर्निशखाली आत दडलेले त्याला सापडत नाही, आणि चांगल्या लाकडाला मात्र पाऊस शिरायला भोके पडतात. विशेषतः डोलकाठीच्या खोबणीविषयी मला खात्री हवी आहे. डाव्या अंगाची एक फळी मी कापून काढली आहे. तिच्याविषयी पुढे केव्हातरी.

रविवार सोडून कोणताही वार चालेल. कृपया फोन करू नये, फोनचे हल्ली काही खरे नाही. पत्रच पाठवावे.

आपली,
………… (ही जागाही सध्या दुरुस्तीला काढली आहे)


शनिवार, २१ मार्च

ती. बाई यांस,
सा. न.

पत्र दवाखान्यात मिळालं. खुर्चीत एक आजोबा तोंड उघडून बसले होते, त्यांना तसंच ठेवून मी कुंपणाच्या खांबाचा विचार करत राहिलो. शेवटी ते म्हणाले, "डॉक्टर, मिटू का?" तुमच्या कोड्यांपायी माझे पेशंट पळणार आहेत एक दिवस.

कोडं मात्र झकास. आणि दाताचंही तेच आहे बघा. हिरडीला टेकतो ना, तिथेच तो हमखास किडतो. ना धड आत, ना धड बाहेर. मला हे इतकी वर्षं दिसतंय आणि कधी खांब आठवला नाही.

पण बाई, मी तुमच्या हाताखाली चार हंगाम काढलेत. तुमचं पत्र मला ठणठणीत वाटत नाही. वाजवून पाहिलं, दोन-तीन ठिकाणी भद वाजलं.

एक म्हणजे, तुम्ही मला वाजवायला बोलावताय? तुम्ही? मी शेडमध्ये भोक पाडायला घ्यायचो आणि तुम्ही स्वयंपाकघरातून ओरडायचात, "अहो, थांबा, फळी फुटेल!" फळी फुटायच्या आत तुम्हाला ऐकू यायचं. तुमची लेक म्हणायची, आईच्या कानाला भिंती नाहीत. आता 'स्वतंत्र पडताळणी' हवी म्हणे. दुसरं, सबंध पत्रात कापलेल्या फळीला एक ओळ! तुम्ही एका बिजागरीवर पानभर लिहिता. "तिच्याविषयी पुढे केव्हातरी" हे तुमचं वाक्यच नाही.

आणि फोनचं काही खरं नाही, म्हणजे काय? तुमच्या वाढदिवसाला केला होता मी. पूर्ण वाजून बंद झाला. नंतरही केला. मग सोडून दिला.

आता लिहायला बसलोच आहे तर लिहून टाकतो. मागच्या वर्षी, आमचे कागद झाल्यानंतर थोड्याच दिवसांनी, मी आलो होतो. काम काही नव्हतं. वॉर्निशचा डबा आणला होता, तुम्हाला लागतो तो. दार वाजवलं. मग बाजूच्या खिडकीतून पाहिलं, तर तुम्ही आतच होतात, खुर्चीत, पाठमोऱ्या, वाचत. परत दारापाशी जाऊन वाजवलं, जरा जोरात. परत खिडकीशी आलो. तुम्ही पान उलटलंत, पण वळला नाहीत.

मी समजायचं ते समजलो. लेकीची आई आहात तुम्ही. मला राग नाही आला, खरंच. तुमच्या जागी मी असतो तर मीही कदाचित वाचतच बसलो असतो. डबा परत घेऊन गेलो, कारण दाराशी ठेवला असता तर तुम्हाला उगाच उचलावा लागला असता.

म्हणून येणार नाही असं म्हणत नाही, पण खरं सांगतो, दार वाजवून परत फिरायला मला पुन्हा जमायचं नाही. खोबणीचं काय ते एखादा चांगला सुतार बघून देईल. तुम्ही सांगाल तर मी शोधून पाठवतो.

आणि मला तुम्ही-तुम्ही करू नका. लग्नाच्या दिवसापासून सांगतोय.

'आई' लिहिणार होतो वर, सवयीने. मग वाटलं, तो हक्क आता राहिला नसेल. म्हणून 'बाई' लिहिलंय. शाळेतली पोरं म्हणतात, मीही म्हणेन.

तुमचा,
दातवाला


बुधवार, दि. २५ मार्च

प्रिय दातवाल्या,
पोटभर आशीर्वाद.

मायन्याचा प्रश्न सुटला. उत्तर शब्दकोशात नव्हते, व्याकरणात होते. जावयाला अहोजाहो करायचे असते, कारण तो परक्या घरचा आणि मानाचा. तुझ्या म्हणण्याप्रमाणे तू आता जावई उरला नाहीस. तसे असेल तर मान गेला, आणि मान गेला की 'तू' म्हणायला मला कुणी अडवू शकत नाही. पोटच्या मुलांना आपण तूच म्हणतो. नाते तुटल्याने माणूस एक पायरी आत येतो, हे मला आजवर कुणी शिकवले नव्हते.

तुझे निदान बरोबर आहे. पत्र भद वाजत होते. आता कापलेल्या फळीविषयी लिहिते.

त्या दिवशी रविवार होता. आठवडाभर मी 'बदक' डाव्या अंगाने वाजवायला घेतली होती आणि ती बाजू काठपट्टीपासून खालपर्यंत भद, भद, भद वाजत होती. इतकी मोठी कूज एका पावसाळ्यात कशी झाली, याचे नवल वाटले. पण निरीक्षण ते निरीक्षण. खिळ्यांची डोकी उकरून काढली, फळी मोकळी केली, आणि दोन तुकडे करून बाजूला ठेवली. लेक आली ती डब्यांचा वास घेण्याआधी शेडमध्येच आली.

"हे का कापलंस, आई?"

"कुजलंय."

"कुठे?"

"ऐक." मी हत्याराच्या मुठीने तुकडा वाजवला. "भद. ऐकलंस?"

तिने तो स्वतःच्या बोटाच्या पेराने वाजवला. एकदा या टोकाला, एकदा त्या. काहीतरी म्हणाली.

"पुटपुटू नकोस," मी म्हणाले. "तुमच्या पिढीला तोंड उघडून बोलायला काय होतं, मला कळत नाही."

ती उठली, माझ्या अगदी समोर आली, आणि माझ्या चेहऱ्यासमोर चेहरा धरून म्हणाली, "आई, ठण वाजतंय. आणि हे पुटपुटण्याचं तू मला गेलं वर्षभर ऐकवतेयस. दूधवाला पुटपुटतो, शेजारीण पुटपुटते, बातम्या देणारी बाई पुटपुटते. अख्खं जग काय एकाच वेळी पुटपुटायला लागलंय?"

मी करवतीची कापलेली कड उजेडात धरली. पिवळसर, करकरीत, ताज्या लाकडाचा वास येत असलेली. डोळे सांगत होते, नाक सांगत होते. मी एकट्या कानाला विचारून बसले होते. कारण कान हा माझा हुशार विद्यार्थी. हुशार विद्यार्थ्याची वही आपण कधी नीट तपासत नाही.

चार वर्षे तू आणि मी मिळून जपलेली फळी, ती धडधाकट असताना, मी कापली. त्या क्षणी मला हसू आले, आणि मग मी दोन्ही तुकडे पुन्हा एकमेकांना जुळवून पाहिले.

पुढच्याच आठवड्यात लेकीने मला कानाच्या डॉक्टरकडे नेले. तीही माझी माजी विद्यार्थिनी निघाली! म्हणाली, "बाई, ध्वनीचा धडा तुम्हीच शिकवला होतात, आता मी तुम्हाला काय सांगू?" मी म्हटले, "सांग, आणि मोठ्याने सांग." ते तुलाही सांगते, कारण हे कोडे तुझ्याही अवतीभवती असेल. म्हातारी माणसे म्हणतात, "आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत." आपल्याला ते ढोंग वाटते. वस्तुतः ते वाक्य शास्त्रदृष्ट्या अचूक आहे.

कानाच्या आत शंखासारखी गुंडाळलेली एक बारीक नळी असते. उंच सूर टिपणाऱ्या पेशी तिच्या दाराशी बसलेल्या, खर्जाच्या पेशी खोल आत. प्रत्येक आवाज दारातूनच शिरतो, त्यामुळे दाराशी बसलेल्या पेशी आयुष्यभर सगळ्यांची ये-जा सोसतात आणि आधी झिजतात. खांबासारखेच झाले पाहा, झीज पुन्हा उंबरठ्यावर! आता आपल्या बोलण्यात स्वर हे बहुतेक दमदार आणि खालच्या पट्टीतले. व्यंजने क्षणभराची, नाजूक, बरीचशी उंचावरची. म्हणून कान झिजला की व्यंजने गळतात आणि नुसते स्वर उरतात. मला हल्ली सगळे जण बाराखडी सोडून 'अ आ इ ई'मध्ये बोलताना ऐकू येतात. आणि लाकडाचे म्हणशील तर, 'ठण' मधली ती झणझणीत कड म्हणजे उंच सूरच. तो गेला की खाली जे राहते ते 'भद'. होडी कुजली नव्हती. माझ्यापुरते सगळे जगच भद वाजू लागले होते.

फोनची घंटाही उंच सुराची, हे तुझ्या ध्यानात आलेच असेल.

आता त्या दिवसाविषयी. तू वॉर्निशचा डबा घेऊन उभा होतास तो दिवस कोणता, ते मला ठाऊक नाही. ठाऊक असता तर तो मी असा वाया जाऊ दिला नसता. मी खिडकीकडे पाठ करून बसते, कारण उजेड मागून पुस्तकावर पडतो; हे तुलाही माहीत होते, रागाच्या भरात विसरलास. (राग आला नाही असे लिहिले आहेस. ती ओळ मी वाजवून पाहिली.) पाठमोरी बसणे आणि पाठ फिरवणे यांत फार अंतर आहे, बाळा. पहिले मी रोज करते. दुसरे तुझ्या बाबतीत एकदाही केलेले नाही.

तुम्ही दोघे वेगळे झालात तेव्हा मला लोक विचारीत, काय झाले? मी काय सांगणार? भांड्याला भांडे लागायचेच, असे म्हणतात. तुमच्या घरात ती लागायचीच बंद झाली होती. जेवताना इतकी शांतता असे की मला, तेव्हा कान चांगले असताना, घड्याळ ऐकू येई. दोघेही सज्जन, दोघेही एकमेकांना मीठ पुढे करीत होतात. त्यात मी कुणाची बाजू घेणार? पण तू यायचा थांबलास, फोन वाजेनासा झाला, आणि मीही समजायचे ते समजले. वाटले, लेकीबरोबर आईही सुटली, सुटू दे बिचाऱ्याला. पाहिलेस? तू दाराच्या त्या बाजूला उभा राहून एक अनुमान काढलेस, मी या बाजूला बसून दुसरे. दोन्ही तर्कशुद्ध आणि दोन्ही चूक.

तुला पत्र लिहिण्याची कल्पना माझी नव्हे. लेक म्हणाली, "त्याला बोलव ना. दिवसभर लोकांचे दात वाजवत असतो, तुझी होडी वाजवेल."

"तुला चालेल?" मी विचारले.

"मला काय विचारतेस? माझा नवरा होता, ते संपलं. तुझा जावई होता, ते तुमचं तुम्ही बघा." मग चप्पल घालता घालता म्हणाली, "रविवारी मात्र नको हं." आणि गेटपर्यंत जाऊन परत आली. "आणि त्याला खरं काय ते सांग. वळणं घेत बसू नकोस."

मी वळणे घेतली. बेचाळीस मुलांच्या वर्गात मागच्या बाकावर कुणी पेन्सिल घरंगळवली तरी ओळखणारी मी, 'मला ऐकू येत नाही' हे चार शब्द लिहायला मला कुंपण, बुरशी आणि शब्दकोश लागला. चार शब्दांना एवढे मोठे मचाण!

सुतार पाठवतो म्हणालास. नको. सुताराला ठण कळेल, त्याविषयी शंका नाही. पण मला ते पुन्हा शिकायचे आहे. डॉक्टरीणबाईंनी कानात घालायचे यंत्र दिले आहे. त्याची गंमत अशी की ते काढले तर सगळे भद, आणि घातले तर सगळे ठण. फळी ठण, टेबल ठण, परवा मांजर उडी मारून खाली उतरली तीही ठण. डॉक्टरीणबाई म्हणतात, मेंदूला सवय होईपर्यंत असे होते, शिकवावे लागते. शिकवायचे कसे, ते मी ठरवले आहे. तू वाजवायचेस आणि ठण की भद ते मला सांगायचेस. मी यंत्र घालून ऐकायचे, स्वतःचे उत्तर आधी कागदावर लिहायचे आणि मग तुझ्याशी ताडून पाहायचे. सुरुवातीला मी पुष्कळ चुकेन. चुकताना सुतारासमोर मला लाज वाटेल. तुझ्यासमोर वाटणार नाही. पहिल्या दिवशी वॉर्निश लावताना तू स्वतःचे बनियन होडीला चिकटवून घेतले होतेस, ते मी पाहिले आहे.

आणि खोबणीचे खरे सांगते. तिथे काय आहे, मला खरोखर माहीत नाही. ठणठणीत असेल, किंवा पहिल्या जोराच्या वाऱ्याला डोलकाठी आडवी होईल. लेकीने बजावले आहे की ते कळल्याशिवाय 'बदक' पाण्यात जायची नाही, आणि मी तर एकटी मुळीच नाही. मागून येणाऱ्या बोटीचा भोंगा ऐकायला पुढे कुणीतरी बसलेले हवे. त्या होडीत दोन माणसे मावतात. भांडणाची जागा सध्या रिकामी आहे.

शेवटी एक सोपी परीक्षा सांगते. पत्र खाली ठेव आणि एक चमचा घे. तुझ्या घराच्या दाराची जी लाकडी चौकट आहे, ती चमच्याच्या दांड्याने वरून खाली हळूहळू वाजवीत ये. वर ठण वाजेल. जमिनीपासून वीतभर उंचीवर, जिथे रोज पुसण्याचे पाणी लागते तिथे, आवाज उतरतो का ते पाहा. उतरला तर तिथे काम आहे.

मग इथे ये आणि तीच परीक्षा माझ्या दारावर कर. यंत्र घातलेले असेल तर मी उठून उघडीन. नाही उघडले, मी पाठमोरी दिसले, पान उलटताना दिसले, तरी निष्कर्ष काढू नकोस; दार ढकल. ते नुसते लोटलेले असते, हे पत्र टाकल्यापासून रोज. आणि आत येताना हाक मार. बाई म्हणायचे की आई, याची चिंता करू नकोस. ओठ मिटून निघालेला तो बारीकसा 'ब' या कानांपर्यंत हल्ली पोचतच नाही. तू बाई म्हणालास तरी मला काय ऐकू येते, ते येऊन पाहा.

दार लोटून बसलेली,
तुझी —